दर्शन आणि वाचन : नांदेड-लातूर परिसरातील मुक्तिसंग्रामकालीन तसबिरी व स्मृतिवस्तूंच्या जतनाची चिकित्सा

प्रस्तावना

हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती मराठवाड्यात दोन मार्गांनी जतन झाली. पहिला मार्ग ग्रंथांचा. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ, जिल्ह्याजिल्ह्यांतील गौरवग्रंथ आणि स्मरणिका हे या मार्गावरील टप्पे होत. दुसरा मार्ग वस्तूंचा. घराच्या ओसरीवरील तसबीर, तुरुंगातून आलेले पत्र, सुटकेचा कागद, शिबिरात वापरलेली पडशी, खादीची टोपी, हाली सिक्क्यातील चार नाणी, पुढे १९७२ मध्ये मिळालेला ताम्रपट अशा वस्तूंनी ही स्मृती घरोघर धरून ठेवली. त्यांतील काही वस्तू कालांतराने हुतात्मा स्मारकांत, ग्रंथालयांत व महाविद्यालयांच्या इतिहास दालनांत आल्या.

ग्रंथांची चिकित्सा अभ्यासकांनी केली आहे. वस्तूंच्या वाट्याला मात्र चिकित्सेपेक्षा हारच अधिक आले. १७ सप्टेंबरला तसबीर पुसली जाते, तिला हार घातला जातो, दीपप्रज्वलन होते आणि वर्षभर ती पुन्हा भिंतीवर राहते. या व्यवहारात आदर आहे, परंतु त्यातून तसबीर टिकते असे नाही आणि तिच्यातील माहिती तर मुळीच टिकत नाही. वस्तू दर्शनासाठी ठेवली गेली, वाचनासाठी ठेवली गेली नाही, ही नांदेड-लातूर परिसरातील स्थानिक संग्रहांची मूलभूत उणीव असल्याचे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. भूमिगत लढ्याची तसबीर

मुक्तिसंग्रामातील तसबिरींचा विचार करताना लढ्याचे स्वरूप प्रथम लक्षात घ्यावे लागते. १९४७-४८ मधील लढा मोठ्या प्रमाणात भूमिगत होता. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरी नाके उद्ध्वस्त करणे, रझाकारांच्या ठाण्यांवर हल्ले करणे अशी कामे करणाऱ्या कार्यकर्त्याला स्वतःचे छायाचित्र काढून घेणे परवडणारे नव्हते. ओळख पटणे म्हणजे अटक किंवा मृत्यू. नांदेडकडील कार्यकर्ते सरहद्दीपलीकडील उमरखेडच्या शिबिरात जात; आजच्या लातूर जिल्ह्यात उदगीर तालुक्यातील हत्तीबेट हे डोंगरी ठिकाण लढवय्यांचा आश्रय बनले. अशा ठिकाणी छायाचित्रकार सहसा नसतो.

यामुळे आज भिंतीवर दिसणाऱ्या तसबिरींपैकी बऱ्याच प्रत्यक्ष लढ्याच्या काळातील नसाव्यात, असे अनुमान करावे लागते. काही लढ्याआधीच्या, शाळेतील किंवा लग्नातील समूहचित्रातून वेगळ्या काढून मोठ्या केलेल्या असतात. काही १९४८ नंतरच्या, सत्कारप्रसंगीच्या असतात. काही तर मृत्यूनंतर नातेवाइकांच्या सांगण्यावरून चित्रकाराने रंगवलेल्या असतात. ब्रोमाइड एन्लार्जमेंटवर हाताने काम करण्याची पद्धत त्या काळी सर्वत्र रूढ होती. पुसट झालेला चेहरा कोळशाच्या किंवा रंगाच्या साहाय्याने उठावदार केला जाई. कोट, उपरणे किंवा टोपी नव्याने चढवता येई. त्यामुळे डोक्यावरील गांधी टोपी ही त्या व्यक्तीच्या पेहरावाचा पुरावा आहे की चित्रकाराच्या श्रद्धेचा, हे केवळ समोरून पाहून ठरवता येत नाही.

येथे तसबिरीची मागची बाजू महत्त्वाची ठरते. स्टुडिओचा शिक्का, पुठ्ठ्यावरील गावाचे नाव, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, चौकटीच्या आत दडवलेली चिठ्ठी हे सारे मागे असते. नवी चौकट बसवताना हीच बाजू प्रथम नष्ट होते. जुनी लाकडी फळी व पुठ्ठा फेकला जातो, प्लायवूड ठोकले जाते आणि तसबीर नवी दिसू लागते. संग्रहाच्या दृष्टीने त्या क्षणी ती मुकी होते. अलीकडे संगणकावर चेहरा उजळून, पार्श्वभूमीवर तिरंगा घालून फ्लेक्सवर छापलेल्या प्रती मूळ तसबिरीची जागा घेऊ लागल्या आहेत. प्रत काढणे गैर नाही. प्रत लावल्यावर मूळ तसबिरीची गरज संपली असे मानणे गैर आहे.

२. फसली सन, उर्दू लिपी आणि सरहद्दी

मराठवाड्यातील वस्तूंचे वाचन महाराष्ट्राच्या इतर भागांतील वस्तूंपेक्षा अधिक कठीण आहे. निझाम राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. राज्याचे चलन वेगळे, टपाल तिकीट वेगळे आणि सरकारी सनही वेगळा होता. आजूर, दै, बहमन अशा महिन्यांचा फसली सन सरकारी कागदांवर लिहिला जाई आणि त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. या सनात ५९० मिळवले असता इसवी सन साधारणपणे मिळतो.

या गोष्टीचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या समूहचित्राच्या मागे उर्दूत केवळ '१३५७' असा आकडा लिहिलेला आहे. तो फसली सन मानला तर चित्र ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ या काळातील ठरते. सशस्त्र लढ्याचा निर्णायक टप्पा आणि पोलीस ॲक्शन या दोन्ही घटना याच वर्षात येतात. तोच आकडा हिजरी मानला तर चित्र १९३८-३९ मधील ठरते, म्हणजे ते स्टेट काँग्रेसच्या १९३८ च्या सत्याग्रहाच्या काळाशी जाऊन भिडते. दोन्ही निष्कर्ष वरवर पाहता सारखेच संभवनीय वाटतात, मात्र त्यांपैकी एकच खरा असतो. चित्रातील माणसे कोणत्या लढ्यातील, हा प्रश्न अशा वेळी एका आकड्याच्या वाचनावर अवलंबून राहतो. फसली आणि हिजरी यांतील भेद जाणणारा, उर्दू वाचू शकणारा माणूस दालनात नसेल तर फलकावर लिहिला जाणारा मजकूर चुकण्याचा संभव मोठा आहे.

दुसरी अडचण सरहद्दींची. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा भाग होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणून एखाद्या कागदावर 'जिल्हा बीदर' असे आढळले तर तो कर्नाटकातील समजून बाजूला टाकण्याची चूक होऊ शकते. उलटपक्षी, लातूरच्या कार्यकर्त्याची सरकारी नोंद शोधण्यासाठी हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत जावे लागते. स्थानिक संग्रह आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर आखला गेला तर त्यातील वस्तूंचे नाते तुटते.

३. हजूर साहिबचे उदाहरण

वस्तूची निगा श्रद्धेच्या चौकटीत उत्तम रीतीने राखता येते, याचा दाखला नांदेडमध्येच आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी नांदेड येथे देह ठेवला. त्या स्थानी महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात सध्याची सचखंड हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तिच्या अंतर्भागातील अंगीठा साहिबमध्ये तलवारी, ढाल, धनुष्ये, बाण अशी परंपरेने गुरूंची मानली जाणारी शस्त्रे जपलेली आहेत. दिवाळीपूर्वी होणाऱ्या तख्त स्नानाच्या विधीत गोदावरीचे पाणी आणून वास्तू धुतली जाते आणि शस्त्रांचीही स्वच्छता होते.

संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने या व्यवस्थेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. शस्त्रांची जागा निश्चित आहे, ती हाताळण्याचा अधिकार निश्चित आहे आणि त्यांच्या निगेचा काळही निश्चित आहे. लढ्याच्या स्मृतिवस्तूंना मिळणाऱ्या वागणुकीत या तिन्ही गोष्टींचा अभाव आढळतो. तेथे श्रद्धेचा देखावा उचलला गेला, श्रद्धेमागील शिस्त मात्र उचलली गेली नाही.

तथापि धर्मस्थळाची व्यवस्था जशीच्या तशी सार्वजनिक संग्रहाला लागू करता येणार नाही. धर्मस्थळी वस्तूचे प्रामाण्य परंपरेवर उभे असते आणि भाविकाला त्याहून अधिक पुराव्याची अपेक्षा नसते. इतिहासाच्या संग्रहाला ही सवलत नाही. ही बंदूक कोणाची, ती कोणत्या गावातून आली, कोणी दिली, केव्हा दिली आणि हे सांगणाऱ्याला ते कसे ठाऊक, या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत असावीच लागतात. संग्रहाचे प्रामाण्य नोंदीवर उभे असते.

या संदर्भात लढ्याचीच एक घटना स्मरणीय आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी हल्ला करून लढ्यासाठी मोठी रक्कम मिळवली. या रकमेचा चोख हिशेब ठेवला गेला, ही बाब मुक्तिसंग्रामाच्या कथनात आजही अभिमानाने सांगितली जाते. लुटीच्या पैशाचाही हिशेब ठेवणाऱ्या लढ्याच्या वस्तू आज बेहिशेबी पडून राहाव्यात, याइतका विरोधाभास दुसरा नाही.

४. पुरावा म्हणून स्मृतिवस्तू

स्मृतिवस्तूंच्या नोंदीचा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचे दाखले, वॉरंटाच्या प्रती, सहकाऱ्यांची प्रमाणपत्रे आवश्यक ठरली. पुढे हैदराबाद लढ्यातील सरहद्दीवरील शिबिरांनाही मान्यता मिळाली. परिणामी घरातील पेटीत जपलेला कागद स्मृतिवस्तू न राहता पुरावा बनला. जो कागद मूळ स्वरूपात कार्यालयात गेला, तो घरी परतला असेलच असे नाही. ज्यांनी भूमिगत राहून काम केले, ज्यांना अटक झालीच नाही, त्यांच्याजवळ कागदच नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. निरोप पोहोचवणारी, भाकरी पुरवणारी, शस्त्र दडवून ठेवणारी स्त्री छायाचित्रात नसते आणि वॉरंटातही नसते. तिची स्मृतिवस्तू एखादी दुरडी किंवा डबा असू शकते आणि त्या वस्तूचा अर्थ केवळ तिच्या किंवा तिच्या घरच्यांच्या तोंडूनच कळू शकतो.

कागद व साक्ष यांची सांगड तुटली की काय घडते, हे शेजारच्या बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. तेथे चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. अशा प्रकरणात खोट्याला शिक्षा होण्याइतकाच खऱ्यावर संशय येणे हा गंभीर परिणाम असतो. नोंद नसलेली वस्तू खऱ्या कार्यकर्त्याच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

५. कायद्याची वयोमर्यादा आणि निसर्गाचा वेग

पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार वस्तूला पुरावस्तूचा दर्जा मिळण्यासाठी ती किमान १०० वर्षांची असावी लागते. ऐतिहासिक मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी व दस्तऐवजांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. मुक्तिसंग्रामाला याचा लावलेला हिशेब बोलका आहे. १९४८ मधील पत्राने ही मर्यादा २०२३ मध्ये ओलांडली. त्याच वर्षी काढलेल्या छायाचित्राला केवळ वयाच्या निकषावर हा दर्जा मिळण्यासाठी २०४८ पर्यंत थांबावे लागेल.

मराठवाड्याला संग्रहाची परंपरा नाही असे म्हणता येत नाही. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेथे सातवाहनकालीन मृण्मूर्ती व मणी पाहावयास मिळतात. माहूर येथेही शासकीय संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा मातीचा तुकडा जपावा हे समाजाला पटले आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची तसबीर मात्र अद्याप 'घरची' वाटते आणि घरची असल्यामुळेच ती निराधार राहते.

छायाचित्राला शंभर वर्षे वाट पाहण्याची उसंत नसते. त्या काळातील कृष्णधवल छायाचित्रात चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेली प्रतिमा जिलेटिनच्या थरात बसवलेली असते. मराठवाड्यातील कडक उन्हाळा हा थर कोरडा करून तडकवतो, पावसाळ्यातील दमट हवा तो फुगवते. काचेला थेट चिकटून बसवलेली तसबीर ओल लागल्यावर काचेलाच चिकटते आणि काढताना चेहरा काचेवर राहतो. हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातील व प्लायवूडमधील आम्ल कागद पिवळा व ठिसूळ करते. कसर जिलेटिन व खळ यांवर जगते. चिकटपट्टीचे डाग कायमचे राहतात आणि लॅमिनेशन केलेला कागद पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती हे नाशाचे एक मोठे कारण आहे.

याखेरीज लातूर परिसराने एक असाधारण आघात सोसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगड-मातीची घरे पहाटेच्या काही क्षणांत कोसळली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मनुष्यहानीपुढे कागद-तसबिरींचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. परंतु ज्या घरांच्या भिंती पडल्या, त्याच भिंतींवर तसबिरी होत्या आणि त्याच घरांतील लाकडी पेट्यांत कागद होते. अनेक गावे नव्या जागी वसली. जुन्या गावाची ओळख सांगणारी वाचलेली एखादी तसबीर अशा ठिकाणी दुहेरी मोलाची ठरते, कारण लढ्यातील माणसाबरोबरच नाहीशा झालेल्या गावाचीही ती साक्ष असते.

६. संग्रहात कोण नाही?

कोणत्याही संग्रहाची चिकित्सा त्यातील वस्तूंबरोबर त्यात नसलेल्या वस्तूंच्या आधारेही करावी लागते. रझाकार संघटनेचा प्रमुख कासिम रझवी लातूर येथे वकिली करीत असे. रझाकारांच्या अत्याचारांच्या खुणा या परिसराच्या स्मृतीत खोलवर आहेत. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. त्यांचे नाव तेथील महाविद्यालयाने जपले आहे. ही स्मृती जपलीच पाहिजे.

परंतु सप्टेंबर १९४८ नंतर या परिसरातील मुस्लिम समाजावर जे ओढवले, त्याची एकही वस्तू सहसा दालनात दिसत नाही. १९४८ च्या अखेरीस केंद्र शासनाच्या वतीने पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नावे दिली होती. लातूर शहराचाही त्या अहवालात उल्लेख आहे. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. त्यामुळे त्या काळातील एखाद्या कुटुंबाची उर्दू पत्रे, एखाद्या व्यापाऱ्याच्या वह्या, परागंदा झालेल्या माणसाची तसबीर यांना 'स्मृतिवस्तू' हे नाव मिळालेच नाही. लढ्याचे मोल अशा वस्तूंनी कमी होत नाही. ज्या राजवटीविरुद्ध लढा होता ती राजवट आणि त्या राजवटीत राहणारा समाज यांत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाने भेद केला होता. संग्रहाने तो भेद विसरणे हे लढ्याच्या विचाराशी विसंगत ठरते.

७. महाविद्यालयांचे कार्य

पहिल्या महायुद्धाच्या ऐन काळात, १९१७ मध्ये, लंडन येथे स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर म्युझियमने मृत सैनिकांची छायाचित्रे कुटुंबांकडून मागवली. नामवंत सेनानींबरोबर सामान्य सैनिकांच्या तसबिरीही संग्रहात आल्या. अमृतसर येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या फाळणी संग्रहालयाने निर्वासित कुटुंबांच्या साध्या घरगुती वस्तू त्यांच्या निवेदनांसह मांडल्या. या दोन्ही उदाहरणांत खर्चापेक्षा पद्धत अधिक महत्त्वाची आहे. वस्तू आणि तिच्याविषयीचे निवेदन एकत्र घेणे हे त्या पद्धतीचे सूत्र होय.

नांदेड-लातूर परिसरात हे काम करण्यास सर्वांत योग्य संस्था म्हणजे महाविद्यालय. स्वामी रामानंद तीर्थांचेच नाव धारण करणारे विद्यापीठ नांदेडला १९९४ पासून आहे आणि त्याची महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत आहेत. विद्यार्थी ज्या घरांतून येतात, त्याच घरांत या वस्तू आहेत. काम लहान टप्प्यांत करता येण्यासारखे आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक व नोंदवहीत एक पान द्यावे. तसबिरीच्या दोन्ही बाजूंचे डिजिटल छायाचित्र घ्यावे. देणाऱ्याचे निवेदन ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातील ऐकीव माहिती व प्रत्यक्ष पाहिलेली माहिती वेगळी नोंदवावी. काच व तसबीर यांत अंतर राहील अशी चौकट करावी, मूळ पाठ जपून ठेवावी. जे कुटुंब वस्तू देऊ इच्छीत नाही, त्याच्या घरी जाऊन प्रत घ्यावी व मूळ तेथेच राहू द्यावे. इतिहास, मराठी, उर्दू व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येण्यास याहून योग्य निमित्त शोधूनही सापडणार नाही. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा चर्चासत्रांत पुष्कळ होते. येथे त्याची प्रत्यक्ष गरज आहे.

समारोप

मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष भाग घेतलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तसबिरीकडे बोट दाखवून 'हे डावीकडून तिसरे कोण' हे सांगू शकणारी पुढची पिढीही वार्धक्याला पोहोचली आहे. कागदाचा नाश काही काळ लांबवता येतो, माणसाच्या आठवणीचा लांबवता येत नाही. म्हणून अग्रक्रम ठरवताना नव्या चौकटीपेक्षा नोंदीला, इमारतीपेक्षा निवेदनाला प्राधान्य द्यावे लागेल.

नांदेड ही नरहर कुरुंदकरांची कर्मभूमी. इतिहासातील श्रद्धेय व्यक्तींचाही विचार चिकित्सेने करावा, हा आग्रह त्यांनी याच भूमीत धरला. चिकित्सेने आदर उणावत नाही. आदर कोणाविषयी आणि कशासाठी, हे ती नेमके सांगते. ज्या तसबिरीखाली नाव, गाव, साल आणि देणाऱ्याचे निवेदन आहे, तिला घातलेला हार त्या माणसाला पोहोचतो. ज्या तसबिरीखाली काहीच नाही, ती आणखी एका पिढीनंतर कोणाचीच राहणार नाही.